प्रॉस्परोची क्षमा

७. ‘टेम्पेस्ट’ : शेक्सपिअरचे १६११ च्या सुमाराचे नाटक; नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी ते १८७५ साली मराठीत आणले. बारा वर्षांपूर्वी राज्य बळकावून प्रॉस्परोला मिरांडा या लहानग्या मुलीसह समुद्रात लोटणारा भाऊ अँटोनिओ पाचव्या अंकात त्याच्या तावडीत असतो. दयेची आठवण करून देतो तो एरिअल, मनुष्य नसलेला सेवक. प्रॉस्परो सूड सोडतो, राज्य मात्र परत मागून घेतो. त्या कटात सामील असलेला राजा अलोन्सो माफी मागतो. अँटोनिओ अवाक्षर काढत नाही. पुढे तो एकदाच तोंड उघडतो, तेही प्रॉस्परोचा गुलाम कॅलिबन बाजारात खपेल असा शेरा मारण्यासाठी. म्हणून या क्षमेला भावांचा समेट समजू नये.