बिनतिकिटाची सहल : नागपूरच्या मोकळ्या जागांची कहाणी

खेड्यातल्या शाळेची सहल नागपूरला निघायची म्हटली, की गुरुजींच्या पुढे पहिला प्रश्न पैशाचा उभा राहतो. एस.टी.चे भाडे, दुपारचे खाणे आणि वर जागोजागची तिकिटे! मग वर्गातली चार-दोन पोरे मागच्या बाकावरून हळूच म्हणतात, "गुरुजी, आमी नाही येत." का येत नाहीत, हे गुरुजींना ठाऊक असते. ते विचारीत नाहीत.

आज मला बोलायचे आहे ते या पोरांसाठी. भाडे आणि शिदोरी एवढी सोय झाली, तर बाकी एक पैसा न मोडता नागपुरात काय दाखवता येईल? पुष्कळ येईल. एवढेच नव्हे, तर या शहराचा खरा इतिहास अशा बिनतिकिटाच्या जागीच पसरलेला आहे.

सुरुवात महालाकडून करू या. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसवले, असे मानतात. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानाने राजधानी इथे आणली, शहराला कोट घातला आणि तलाव बांधला. त्या कोटाचा जुम्मा दरवाजा आजही उभा आहे. त्याला आता गांधी गेट म्हणतात, आणि जवळच्या जुम्मा तलावाला गांधीसागर. जुम्मा म्हणजे शुक्रवार. तलावाचे आणखी एक नाव शुक्रवारी तलाव असेच आहे. इथे मुलांना एक खेळ लावून द्यावा : नागपूरच्या वस्त्यांत आठवड्याचे किती वार सापडतात? इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी! ज्या वारी जिथे बाजार भरे, त्या वाराचे नाव त्या वस्तीला चिकटले. आपल्या गावच्या आठवडी बाजाराला जाणाऱ्या पोराला हे समजावून सांगावे लागत नाही.

गोंडांच्या मागून भोसले आले. १७४३ च्या सुमारास पहिल्या रघूजींच्या हाती नागपूर गेले. या भोसल्यांशी जोडलेला एक सण तर केवळ मुलांचाच आहे. तो म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा. खरा बैल लहान मुलांना आवरायचा कसा? म्हणून लाकडाचा बैल करायचा, त्याला सजवायचे आणि दोरी धरून घरोघर न्यायचे. ज्याच्या दारी जाल त्याने खाऊ-पैसा द्यायचा, त्याला बोजारा म्हणतात. दुसऱ्या रघूजींनी १८०६ साली ही चाल पाडली, अशी नागपुरात आठवण सांगतात. राजाने सुरू केली असो वा नसो, पोरांनी ती टिकवली हे मात्र खरे.

त्याच दिवशी इतवारीच्या बाजूने काळी आणि पिवळी मारबत निघते. रोगराई आणि संकटे गावाबाहेर काढून द्यायची, हा त्यातला भाव. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली बांकाबाई, असेही लोक म्हणतात. ही बांकाबाई कोण, हे कळायला सीताबर्डीच्या टेकडीकडे वळले पाहिजे.

किल्ला म्हटला की मुलांना तो शिवाजी महाराजांच्या काळचा वाटतो. सीताबर्डीचा किल्ला तसा नव्हे, तो इंग्रजांनी बांधला. त्याआधी इथे एक मोठी आणि एक लहान, अशा दोन उघड्या टेकड्या होत्या. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेने इथल्या इंग्रजी पलटणींवर तोफा डागल्या. टेकडीवर दीड हजाराच्या आत माणसे, आणि भोसल्यांकडे, इंग्रजांच्या नोंदीप्रमाणे, अठरा हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी जिंकलीही होती. तेवढ्यात इंग्रजांच्या घोडदळाने खालून जोराचा हल्ला केला, टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला, आणि लढाई फिरली. दुपारपर्यंत सारे आटोपले.

इथे गुरुजींनी मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी. इंग्रजांच्या बाजूने मेले तेही बहुतेक आपलेच लोक होते. मद्रासच्या एका पलटणीचा जुना नंबर १८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर काढून घेतलेला होता. सीताबर्डीच्या लढाईबद्दल त्या शिपायांनी बक्षीस मागितले ते एवढेच, की आमचा जुना नंबर आम्हाला परत द्या. तो मिळाला. अप्पासाहेब पुढे कैद झाले, वाटेतून निसटले आणि १८४० साली दूर जोधपूरला वारले. गादीवर लहान मूल बसले आणि कारभार बांकाबाईंच्या हाती आला. ते मूल म्हणजे तिसरे रघूजी. १८५३ मध्ये ते वारले, आणि राज्य इंग्रजांनी खालसा केले.

ही टेकडी आज लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी ती लोकांना खुली करतात. निघण्याआधी चौकशी मात्र करून घ्यावी.

टेकडीपासून थोड्याच अंतरावर रस्त्याकाठी दगडी खांब आणि चार घोडे दिसतात. हा शून्य मैलाचा दगड. भारताचा मध्यबिंदू हाच, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण तेवढे सांगून थांबू नये. हा दगड त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामाचा. त्यावर १९०७ साल आहे आणि समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी दिली आहे. हे सर्वेक्षण १८०२ साली मद्रासकडे लॅम्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सुरू केले. वीस वर्षे देश मोजत मोजत तो हैदराबादेहून नागपूरकडे यायला निघाला, आणि जानेवारी १८२३ मध्ये वाटेतच, हिंगणघाटला वारला. वर्धेकडच्या शिक्षकांनो, भूगोलाचा हा धडा तर तुमच्या अंगणातच आहे.

शेवटचा मुक्काम दीक्षाभूमीचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. तेव्हा इथे नुसते मैदान होते. आजच्या भव्य स्तूपाचे उद्घाटन झाले ते २००१ साली. या वास्तूच्या सावलीत बसवून मुलांना विचारावे, मोकळी जागा म्हणजे काय? महाडचे चवदार तळे उघड्यावरच होते, त्याला तिकीट नव्हते. तरी त्याचे पाणी प्यायला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. तेव्हा जागेला दार नाही, एवढ्याने ती सर्वांची होत नाही. टेकडी पलटणीची होती आणि तळ्याचे पाणी ठराविक लोकांचे. त्या आपल्या झाल्या, कारण कुणीतरी आत पाऊल टाकले आणि मागच्याला वाट करून दिली.

म्हणून गुरुजी, सहलीची यादी कराल तेव्हा "आमी नाही येत" म्हणणाऱ्या पोरांची नावे आधी लिहा. भाड्यासाठी गावातल्या चार जणांकडे शब्द टाका. भाकरी दोन जास्त बांधून आणा म्हणून इतर मुलांना सांगा. इतवारीच्या नावातला वार, टेकडीवरची लढाई आणि शून्य मैलाचा दगड पाहून ती पोरे घरी जातील, आणि रात्री आजीला सांगतील, "आज्जी, म्या नागपूर पाह्यलं." त्या नागपूरवर त्यांचाही तेवढाच हक्क आहे.