पंचहौदचा चहा आणि वाँटेजचे पुडिंग

पुण्याच्या इतिहासात ‘पंचहौद’ म्हटले की पुढचा शब्द ‘चहा’ हाच येतो. ज्या ख्रिस्ती मंडळीच्या आवारात तो चहा झाला, तिच्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

पाण्याच्या पाच हौदांवरून नाव पडलेला हा परिसर वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत आहे. 1870 च्या दशकात अँग्लिकन पंथाचे काउली फादर आणि इंग्लंडमधील वाँटेजच्या मठातील भगिनी येथे स्थिरावल्या. 1885 मध्ये पवित्र नाम देवालय उभे राहिले. फर्ग्युसन महाविद्यालयही त्याच वर्षीचे. डेक्कन कॉलेज तर आधीपासूनच होते. अशा वाचणाऱ्या आणि वाद घालणाऱ्या शहरात केवळ शाळा काढून वा अनाथ मुले सांभाळून भागणार नव्हते. व्याख्यान आणि शास्त्रार्थ हेही मिशनचे काम झाले. त्यासाठी माणूसही तोलामोलाचा लाभला : काशीचे चित्पावन पंडित नीलकंठशास्त्री गोरे. 1848 मध्ये बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले होते. षड्दर्शनांचे खंडन करणारा त्यांचा ग्रंथ गाजलेला होता.

ऑक्टोबर 1890 मध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळी पंचहौदात जमली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घोट घेतला, कोणी पेल्याला हात लावून तो तसाच ठेवला. या बेतामागे होते गोपाळराव जोशी, डॉ. आनंदीबाईंचे पती. कोणाच्या विक्षिप्तपणाने एवढे मोठे शहर ढवळून निघाल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण! उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीत घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला दिला. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचेच बोल ऐकले. व्याख्यानात काय सांगितले गेले, याची चर्चा कोणीही केली नाही.

ताटातल्या पदार्थावरून माणसाची श्रद्धा जोखण्याची ही रीत सनातन्यांपुरती मर्यादित होती, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण याच मंडळीच्या इतिहासात त्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती चहाच्या आधीची आहे.

1882 मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. येथेच त्यांचा वाँटेजच्या भगिनींशी परिचय झाला. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी, कन्या मनोरमेसह, त्यांनी वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. बुद्धीला पटवले ते गोऱ्यांच्या लेखनाने. मात्र मन वळवले ते वेगळ्याच गोष्टीने. समाजाने ‘पतित’ ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी भगिनींनी लंडनजवळ चालवलेले आश्रयगृह त्यांनी पाहिले. शास्त्रांनी झिडकारलेल्या स्त्रीला कोणी मायेने जवळ घेते, हे दृश्य त्यांना नवीन होते.

धर्म बदलला, आहार नाही. रमाबाई शाकाहारी राहिल्या; अंडे घातलेले पुडिंगही त्यांना चालेना. सिस्टर जेराल्डीन यांना त्यात जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंनी पत्रातून सडेतोड उत्तर दिले : इंग्रज बाई हिंदूंच्या घरी राहिली आणि तिने आपले खाणेपिणे सोडले नाही, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय? क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा आक्षेप होता. त्रैक्याच्या सिद्धान्तावर तर पत्रांमागून पत्रे झडली. मिशनला नम्र शिष्या हवी होती. लाभली ती शास्त्रार्थ कोळून प्यालेली विदुषी. माझ्या मते पंचहौदच्या प्रचारकार्याचे हेच सर्वांत मोठे फळ, जरी ते मठाला गोड लागले नाही.

मुंबईत 1889 मध्ये सुरू केलेले शारदा सदन रमाबाईंनी 1890 च्या अखेरीस पुण्यात आणले. चहाचे वादळ तेव्हा ऐन भरात होते. सदन मिशनच्या अधीन नव्हते. तेथील ब्राह्मण विधवांना आपले सोवळे पाळून वेगळा स्वयंपाक करण्याची मुभा होती, आणि ती स्वतः ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनीच दिलेली होती.