चकमकीची बंदूक आणि आपला सोरा

नाताळ झाला की पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीचा एक जुन्या वळणाचा मोसम येतो. १९७४ साली सुरू झालेल्या या मोसमात फक्त चकमकीची ठासणीची बंदूक चालते. आपल्या मंडळातल्या एका मित्राला त्याच्या शेजाऱ्याने यंदा बरोबर बोलावले आहे. "तू केमिस्ट, दारूतले तुला कळते, बंदूक कोणती घेऊ सांग," असा त्याचा फोन आला. (बंदुकीची दारू, वहिनी!) मी शिकारी नाही. पण या बंदुकीचा इतिहास पाहिला की निवड बरीचशी आपोआप होते.

कोकणात शेतराखणीला ठासणीची बंदूक असते ती केपाची. केप म्हणजे घाव बसताच पेटणारे रसायन. या कल्पनेचे मूळ फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याच्या १८०७ च्या पेटंटात आहे. इथला नियम १८०० पूर्वीच्या धर्तीची बंदूक मागतो, म्हणून केप बाद.

त्या काळची इथली बंदूक म्हणजे लँकेस्टर भागातल्या जर्मन कारागिरांची लांब रायफल. तेही आपल्यासारखेच बाहेरून आलेले. मायदेशच्या आखूड, जाड रायफलीची नळी त्यांनी लांबवली आणि गोळी लहान केली, म्हणजे रानात शिसे आणि दारू पुरवून वापरता येई. नाव मात्र पुढे पडले 'केंटकी रायफल'!

चाप ओढला की घोड्यातला चकमकीचा दगड पोलादावर घासतो, पोलादाचे जळते कण रंजकात पडतात आणि जाळ कान्यातून आत जातो. (घोडा, चाप, रंजक, काना हे शब्द मराठीत जुनेच आहेत, मुलांना जरूर सांगा.) कधी रंजक भडकते आणि आतली दारू तशीच राहते. मग हरीण पळते. ते परवडले, पण जखमी होऊन पळाले तर ते भलतीकडेच तडफडत मरते. दुसरा बार भरायला अर्धे मिनिट तरी हवे.

म्हणून गोळी पुरेशी जड हवी. नियमाने किमान .४४ कॅलिबर लागते. .४५ च्या नळीतली गोल गोळी सुमारे सव्वाआठ ग्रॅमची, तर .५० ची साडेअकरा. व्यास थोडा वाढला तरी वजन घनाच्या प्रमाणात वाढते. मी .५० घ्यायला सांगितले, आणि नळीतल्या खाचांचा पीळ सावकाश असलेली, कारण चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीला तोच मानवतो. गोल गोळीचा वेग लवकर ओसरतो, तेव्हा पाऊणशे यार्डांपलीकडे चाप ओढू नये.

दारू मात्र खरी काळीच हवी. बाजारातल्या नव्या पर्यायी भुकट्या पेटायला जास्त उष्णता लागते, चकमकीला त्या दाद देत नाहीत. काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ कोळसा, १० गंधक. आणि सोरा म्हटला की गोष्ट आपल्याकडे येते. बिहारातले नोनिया लोक तो मातीतून काढत. १७५७ च्या प्लासीनंतर वर्षभरातच त्याचा मक्ता कंपनीकडे गेला. १७७५ साली इंग्रजांशी लढायला उठलेल्या अमेरिकनांना दारूची चणचण पडली, ती मुख्यतः फ्रान्सच्या मदतीने भागली. फ्रान्सच्या दारूखात्यात तेव्हा लाव्हॉझिए होता, आम्हा केमिस्टांचा आद्यगुरू! त्याच्या हाताखाली शिकलेल्या ड्यु पाँने १८०२ साली डेलावेअरमध्ये दारूचा कारखाना काढला. यादवी युद्धात, १८६१ च्या अखेरीस, त्याचा नातू लामो ड्यु पाँ उत्तरेच्या सरकारसाठी सोरा घ्यायला इंग्लंडला गेला. तो सोरा हिंदुस्थानचा. ब्रिटिशांनी ट्रेंट जहाजाच्या भांडणात तो अडवला आणि भांडण मिटल्यावर १८६२ मध्ये सोडला. म्हणजे १८५७ चा उठाव मोडून चार वर्षे होतात न होतात तोच लिंकनचे सैन्य आपल्या मातीतल्या सोऱ्यावर अडून बसले होते. शेजाऱ्याला हे ठाऊक नव्हते, मित्रालाही नव्हते.

१८५७ वरून आठवले, चिंधीला वंगण लागते. ते वनस्पतीजन्यही मिळते, चरबीच हवी असे नाही. बार काढल्यावर नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुवावी, कारण दारूचा निम्म्याहून अधिक भाग क्षार होऊन मागे राहतो, दमट हवेत पाणी ओढतो आणि लोखंड खातो.

मित्राने शिकार-शिक्षणाच्या कोर्सला नाव घातले आहे. वहिनींचा होकार अजून यायचा आहे.