पर्सनॅलिटीला किती मार्क?

परवा रात्री साडेदहाला ताईचा न्यूजर्सीहून फोन. विषय एकच, भाचेरावांचे कॉलेजचे अर्ज. "अरे, तू एवढं वाचतोस ना, मग सांग बघू, हार्वर्डला याचे चान्सेस किती?"

आता मी पुण्यात बसून काय सांगणार? आमच्या वेळी चान्स मोजायची गरजच नव्हती. बारावीचा निकाल लागला की कॉलेजच्या फळ्यावर यादी लागायची. शेवटच्या नावापुढचा आकडा आपल्यापेक्षा कमी असला तर पेढे, जास्त असला तर घरी चालत. मी दोन मार्कांनी चालत आलो होतो. वाईट वाटलं, पण दोन मार्क म्हणजे दोन मार्क. तू माणूस म्हणून कमी आहेस, असं त्या फळ्याने मला सांगितलं नव्हतं.

मग ताईने फोन भाचेरावांकडे दिला. स्वारी एरवी भरपूर बोलते, त्या दिवशी गप्प. मग हळूच म्हणाला, "मामा, मार्क्स ठीक आहेत. पण शाळेतली काउन्सेलर म्हणते, अर्जात पर्सनॅलिटी दिसत नाही. पर्सनॅलिटीला किती मार्क असतात?"

मला उत्तर देता आलं नाही. "बघून सांगतो" म्हणून फोन ठेवला आणि गेले आठ दिवस तेच वाचत बसलोय. म्हटलं, जे सापडलं ते इथेच लिहून ठेवावं.

तर मंडळी, गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डची प्रवेशपद्धत आपल्या फळ्यासारखीच होती. परीक्षा द्या, पास झालात तर या. बड्या घरच्या मुलांसाठी खास खाजगी शाळा होत्या आणि त्या हीच परीक्षा डोळ्यांपुढे ठेवून शिकवत, त्यामुळे 'आपलीच' मुलं आत येत. सगळं कसं छान चाललं होतं.

गडबड झाली ती पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांच्या मुलांमुळे. सरकारी शाळांत शिकलेली ही पोरं परीक्षा देऊन पास व्हायला लागली! १९०० साली हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांत ज्यू मुलं सुमारे ७ टक्के होती, १९२२ पर्यंत ती २१ टक्क्यांच्या वर गेली. तेव्हाचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लॉवेल अस्वस्थ झाले. त्यांनी सरळ सुचवलं की ज्यूंच्या संख्येला मर्यादा घालावी. वर कारण असं, की संख्या वाढली की द्वेष वाढतो, म्हणजे हे त्यांच्याच भल्यासाठी! त्याच वर्षी अर्जात एक प्रश्न आला: जन्मानंतर तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल केला आहे का? कशासाठी, ते सांगायला नको.

बोभाटा झाला. प्राध्यापकांच्या समितीने १९२३ मध्ये उघड कोटा फेटाळला. लॉवेल मात्र हटले नाहीत. १९२६ मध्ये नियम झाला की पहिल्या वर्षाला हजारच मुलं घ्यायची आणि निवडताना नुसते गुण न पाहता 'चारित्र्य' आणि व्यक्तिमत्त्वही पाहायचं. अर्जाला फोटो जोडायचा. कोटा हा शब्द कुठेच नाही, आणि पुढच्या काही वर्षांत ज्यू मुलांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. येल आणि प्रिन्स्टननेही थोड्याफार फरकाने हेच केलं. जेरोम काराबेल यांच्या २००५ मधल्या 'द चोझन' या जाडजूड पुस्तकात ही सगळी हकीकत कागदपत्रांसह आहे.

म्हणजे आमच्या भाचेरावांना छळणारा तो 'पर्सनॅलिटी'चा रकाना मुळात आला तो हुशार पण नकोशी मुलं बाहेर ठेवण्यासाठी. वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो.

गंमत म्हणजे याच काळात आपला एक मराठी मुलगा तिथे होता. धर्मानंद कोसंबी 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला जात. त्यांच्याबरोबर गेलेला, गोव्यात कोसबेनला १९०७ मध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा दामोदर तिथल्या केंब्रिज लॅटिन स्कूलमध्ये शिकला आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत घेऊन बाहेर पडला. तेच आपले डी. डी. कोसंबी, गणिती आणि इतिहासकार. त्यांच्या फटकळपणाचे किस्से ऐकले की वाटतं, 'पर्सनॅलिटी'च्या रकान्यात या माणसाला कोणी किती मार्क दिले असते?

मग नुसत्या मार्कांवरच घ्यावं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. पण त्या बाजूची कहाणीही साधी नाही. एसएटी परीक्षा पहिल्यांदा झाली तीही १९२६ मध्येच. ती तयार करणाऱ्या कार्ल ब्रिगमने तीनच वर्षांपूर्वी पुस्तक लिहून, बुद्धी वंशावर ठरते असं ठोकून दिलं होतं. १९३० मध्ये त्याने स्वतःच ते मागे घेतलं, ही त्यातली बरी बाजू. आणि हीच परीक्षा लॉवेलनंतर आलेल्या जेम्स कॉनंटने हार्वर्डच्या नव्या शिष्यवृत्त्यांसाठी वापरली, दूरच्या गावांतली हुशार मुलं शोधायला. काठी तीच, हात बदलला.

आता आजचं. २०१४ मध्ये हार्वर्डवर खटला झाला, आशियाई वंशाच्या मुलांवर अन्याय होतो म्हणून. त्यात आतली वही बाहेर आली. अभ्यास, इतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना वेगवेगळे दर्जे देतात आणि यातल्या व्यक्तिमत्त्वाच्या दर्जात आशियाई मुलं सरासरीने मागे होती. खालच्या कोर्टाने २०१९ मध्ये हेतुपुरस्सर भेदभाव नाही असं म्हटलं. सुप्रीम कोर्टाने २९ जून २०२३ ला प्रवेशात वंशाचा विचार करणंच बेकायदा ठरवलं. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप मात्र त्या निकालाने बंद केलं नाही.

आणि एक आकडा ताईसाठी. खटल्यातल्या एका वर्षी अमेरिकेतल्या अर्जदारांपैकी ८,००० हून जास्त मुलांची शाळेतली सरासरी पैकीच्या पैकी होती. जागा होत्या सुमारे १,६००. २०२४ मध्ये ५४,००८ अर्जांतून १,९३७ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे शंभरात चारसुद्धा नाहीत. इतक्या चाळणीतून जे उरतं, त्यातलं किती गुणांचं आणि किती त्या वर्षी कॉलेजला ढोल वाजवणारा हवा होता की पोहणारा, याचं, हे बाहेरून सांगणारा ज्योतिषीच म्हणायचा.

काल मीच फोन केला. भाचेरावांना हे सगळं सांगितलं, कोसंबींसकट. बराच वेळ ऐकून तो म्हणाला, "म्हणजे नाही झालं तर माझ्यात काही कमी आहे असं नाही ना?"

"नाही रे बाबा," म्हटलं, "त्या रकान्यात तू मावतोस की नाही, एवढंच ते बघतात. आणि रकाना कोणी आखला ते आता तुला माहीत आहे."

मग विचारलं, हल्ली काय करतोस? तर म्हणाला, शेजारच्या आजोबांचा जुना रेडिओ उघडून बसलोय, तीन दिवस झाले, अजून खरखरतोय. हे अर्जात लिहिलंस का? तर म्हणे, "त्यात काय लिहायचं, मामा?"

असो. रेडिओ सुरू झाला की कळवतो म्हणालाय. मी त्या फोनची वाट बघतोय.