हॅरोच्या उतारावरचे चाक

लंडनच्या वायव्येस हॅरोची टेकडी आहे. तिच्यावरून ग्रोव्ह हिल नावाचा रस्ता वळण घेत खाली उतरतो. २५ फेब्रुवारी १८९९ रोजी या उतारावरून एक डेमलर मोटार येत होती. मेजर रिचर यांना गाडीचे गुण दाखवावेत म्हणून एडविन सेवेल ती चालवीत होता. उतारावर गाडीला वेग आला. वळणापाशी त्याने ब्रेक लावला आणि मागचे चाक मोडले. दोघेही बाहेर फेकले गेले. सेवेल जागीच गेला, रिचर चार दिवसांनी. मोटारचालक अपघातात दगावल्याच्या ब्रिटनमधल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक.

चाक उभे ओझे पेलते, पण आडवा रेटा त्याला जड जातो, हे आपल्या गाडीवानालाही ठाऊक असते. वळणावर गाडी सरळच जाऊ पाहते. तिला वळवते ती चाकाखालची रस्त्याची पकड. त्यातच ब्रेक लावला, की थांबवण्याचे कामही त्याच पकडीवर पडते. पुढे टायर सुधारले, चाके भक्कम झाली, पण हा हिशेब बदलला नाही. पकड म्हणजे गृहिणीच्या हातातली महिन्याची ठरावीक रक्कम. वळण्यात जितकी खर्ची पडेल, तितकी थांबण्यासाठी कमी उरते.

घर्षणाचे गणित मोटारीहून पुष्कळ जुने आहे. घर्षण ओझ्याच्या प्रमाणात वाढते, हा नियम फ्रान्समध्ये आमोंतों याने १६९९ साली मांडला. पुढे कुलोमला याच विषयावरील प्रबंधासाठी १७८१ साली पॅरिसच्या अकादमीचे पारितोषिक मिळाले. आज अपघाताचा तपास करणारे याच नियमांनी रस्त्यावरचे टायरचे काळे पट्टे वाचतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार चाके जाम होऊन सुमारे १४ मीटर घसरते. वेग दुप्पट असेल, तर २८ नव्हे, ५६ मीटर! पट्टा वाकडा असला, तर त्याच्या दोन टोकांमध्ये दोरी ताणतात. समजा, दोरी २० मीटर भरली आणि मधोमध पट्टा तिच्यापासून १ मीटर दूर निघाला; तर वळणाची त्रिज्या साडेपन्नास मीटर येते, आणि गाडीचा वेग ताशी सुमारे ६७ किलोमीटर. रस्ता ओला असेल तर आकडे बदलतात, म्हणून तिथली पकडही मोजावी लागते.

ग्रोव्ह हिलवर १९६९ साली, त्या अपघाताला सत्तर वर्षे झाली तेव्हा, एक पाटी बसवण्यात आली. जाणाऱ्या-येणाऱ्याने सावध व्हावे, असे ती सांगते. दिवाळीत घाट उतरून गावी जाणाऱ्या वाचकांनी तिचा अर्थ इतकाच घ्यावा: वेग कमी करायचा तो वळण येण्याआधी.