शाळेपर्यंतची वाट : नागभीड परिसरातील प्राथमिक शिक्षण

नागभीडच्या झाडीपट्टीत सरकारी शाळा आली ती जमीन महसुलाच्या आधाराने. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, पाठोपाठ शिक्षण खाते निघाले आणि गावशाळांसाठी महसुलावर उपकर बसला. उपकराचा भार धान पिकवणाऱ्या सगळ्याच गावांवर पडे. शाळा मात्र बहुधा मालगुजाराच्या (गावचा महसूल भरणाऱ्या जमीनमालकाच्या) मोठ्या गावी किंवा बाजाराच्या ठिकाणी उघडे. रानातल्या टोल्यावरच्या (छोट्या वस्तीवरच्या) गोंड, माना या आदिवासी कुटुंबांतील मुलांना ती लांबच राहिली. १९२० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने स्थानिक संस्थांना सक्तीचे शिक्षण लागू करण्याची मुभा दिली. पण सक्तीला इमारत, गुरुजी आणि पैसा लागतो, आणि नागभीड ज्यात येई त्या, जंगलाने व्यापलेल्या चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्याचे उत्पन्न तोकडे होते.

१९३७ नंतर प्रांताचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी मांडलेली विद्यामंदिर योजना या अडचणीवरच उतारा शोधत होती. गावाने शाळेला जमीन द्यावी, तिच्या वर्षाकाठी सुमारे २०० रुपये उत्पन्नातून शिक्षकाचा पगार निघावा, अशी ती कल्पना. बुनियादी शिक्षणाची कल्पना मांडणाऱ्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेची छाया तिच्यावर स्पष्ट दिसते. हेतू प्रामाणिक होता. तरी योजनेची मर्यादा तिच्या पायातच होती. ज्या गावात जमीन देऊ शकणारा मालगुजार, तिथे विद्यामंदिर शक्य होते. जिथे बहुतेक लोक मजुरीवर आणि वनोपजावर जगत, तिथे शाळेला बांधी (धानाचे शेत) कोण देणार? म्हणजे गरज सर्वांत मोठी तिथेच साधन सर्वांत कमी. १९३९ मध्ये प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा जोर ओसरला.

१९४८ च्या कायद्याने स्थानिक कारभारासाठी जनपद सभा आल्या, १९६२ मध्ये त्यांची जागा जिल्हा परिषदेने घेतली. शाळेचा खर्च आता गावाच्या ऐपतीवर राहिला नाही, हा खरा मोठा बदल. १९७० च्या दशकात शासकीय आश्रमशाळा सुरू झाल्या. आदिवासी मुलांना जेवण आणि निवास मिळाला, पण त्यासाठी लहान वयात घर सोडावे लागले.

शाळा जवळ आली तरी हजेरीचा प्रश्न सुटला नाही. विदर्भात उन्हाळा तापू लागला की सकाळची शाळा भरते. नेमकी तीच मोहफुले वेचायची वेळ. फुले पहाटे गळतात, ऊन चढण्याआधी टोपलीत पडली नाहीत तर जनावरे खातात. शाळेची घंटा होते तेव्हा मूल आईबरोबर झाडाखाली असते. जुलैत रोवणीच्या दिवसांत आईवडील बांधीत, आणि धाकटे भावंड मोठ्या बहिणीच्या कडेवर. अशी मुलगी पटावर असते, वर्गात नसते. १९९२ पासून दुर्बल घटकांतील मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. बुडालेल्या मजुरीपुढे तो अगदीच अपुरा होता. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी पुढे मानव विकास कार्यक्रमातून एसटी बस आणि सायकली आल्या. त्यांचा उपयोग अधिक झाला, कारण त्या थेट वाटेवरची अडचण दूर करत होत्या.

२०१० मध्ये लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या राज्यातील नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे ठरवले. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आणला आणि त्याला अनेक ठिकाणी विरोध झाला. नागभीड ज्यात येते त्या ब्रह्मपुरी वनविभागात वाघांचे हल्ले वारंवार होतात. तिथे दोन-तीन किलोमीटरची वाट सहा वर्षांच्या मुलाने चालायची म्हटल्यावर कमी पटाची गावातली शाळाच त्याच्या शिक्षणाची एकमेव शाश्वती ठरते.