अपुऱ्या ग्रंथांची थोरवी

लेखन निर्दोष झाल्याखेरीज हातावेगळे करायचे नाही, असा हट्ट धरणारे लेखक आपल्यात थोडे नाहीत. या हट्टाला आपण साधना म्हणतो. पण पुष्कळदा त्याच्या मुळाशी चुकण्याचे भय असते. ख्रिस्तसभेच्या वाङ्मयेतिहासातील दोन प्रसंग या संदर्भात मननीय आहेत.

संत ऑगस्टीन यांनी पवित्र त्रैक्यावरील आपला पंधरा भागांचा ग्रंथ इ. स. 400 च्या सुमारास आरंभिला. विषय गहन, त्यात हिप्पोच्या बिशपपदाचा व्याप. ग्रंथ वीसएक वर्षे रेंगाळला. तो संपूर्ण तपासून एकदमच प्रसिद्ध करावा, हा त्यांचा संकल्प होता. परंतु बारावा भाग पुरा होण्यापूर्वीच उतावीळ वाचकांनी त्यांच्या नकळत कच्ची प्रत मिळवून तिच्या नकला पसरवल्या. व्यथित होऊन ऑगस्टीन यांनी लेखणी खाली ठेवली. अखेर बंधुजनांचा आग्रह आणि कार्थेजचे बिशप ऑरेलियस यांची आज्ञा यांपुढे ते नमले. पसरलेल्या प्रतींशी फार विसंगती येऊ नये म्हणून मनाजोगत्या साऱ्या दुरुस्त्या त्यांना करता आल्या नाहीत. तसे त्यांनी ऑरेलियस यांना पत्राने कळवले आणि ग्रंथ जगाच्या हाती दिला.

पुढे 426-27 मध्ये त्यांनी आपल्या 93 कृतींचे पुनरावलोकन लिहून त्यांतील उणिवा स्वतःच नोंदवल्या. पत्रे आणि प्रवचने यांची फेरतपासणी मात्र राहूनच गेली. 430 मध्ये, वँडलांचा हिप्पोला वेढा पडला असताना, त्यांचे देहावसान झाले.

दुसरा प्रसंग आपल्या मायबोलीचा. 1579 मध्ये गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांना मराठी ग्रंथ मराठी लिपीतच छापावा, अशी आस होती. 1608 मध्ये त्यांनी रोमला आपल्या संघाच्या वरिष्ठांना पत्र लिहून त्यासाठी खिळे पाडण्याची अनुज्ञा मागितली. रोमन लिपीला चोवीस अक्षरे पुरत; इथे जोडाक्षरे धरून 600 च्या घरात संख्या जाई. खिळे झाले नाहीत. तरीही सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. तीनच वर्षांनी, 1619 मध्ये, फादर स्टीफन्स निवर्तले. देवनागरी खिळ्यांची वाट पाहिली असती, तर छापील ग्रंथ त्यांच्या दृष्टीस पडला नसता. त्याची छापील देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी सिद्ध केली ती 1956 मध्ये, पुण्यात!

या दोघांनी दर्जाशी तडजोड केली, असे कोण म्हणेल? त्यांनी शक्य तेवढे श्रम केले आणि उरलेले प्रभूच्या हाती सोपवले. तालांतांच्या दाखल्यातील तिसऱ्या दासाने धन उधळले नव्हते. भयापोटी ते जमिनीत पुरून ठेवले होते. दोष त्याच्या पदरी आला तो त्यासाठीच.

आणखी एक बोध वाचकांसाठी. ऑगस्टीन यांचा ग्रंथ पूर्ण झाला, कारण कोणीतरी तो मागितला. आपल्या धर्मग्रामांतही कित्येकांच्या वह्या पेटीत पडून असतील. त्यांना ऑरेलियस भेटावेत, हे काम आपलेच आहे.